पोराची आर१५ आणि बापाची मनगटं

प्रश्न : नमस्कार. वय ५८, उंची ५ फूट ६, वजन ८२ किलो. पोरगा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि त्याची यामाहा आर१५ व्ही३ दारात तशीच उभी. विकायचा विषय काढला की पोरगा फोनवर गप्प होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही विकायची नाही, गाडी लई भारी पळते. पन्हाळ्यापर्यंत काही वाटत नाही पण रत्नागिरी रोडला लागलो की मलकापूर यायच्या आत दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, मान आखडते, उतरलो की गुडघे दोन मिनिटं सरळ होत नाहीत, चहावाला हसतो. उद्यमनगरात एक लेथवाला म्हणतोय दोन इंची बूश (हँडलखाली घालायची लोखंडी नळी) टर्न करून हँडल वर उचलून देतो, हजारात काम. करू का? का गपगुमान अॅक्टिवा घेऊ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अहो अॅक्टिवा कुठे पळून चाललीय, ती आहेच नंतर.

तुम्ही करंगळी आणि शेजारचं बोट म्हणालात ना, तिथेच निम्मं कळलं. या दोन बोटांची नस तळहाताच्या करंगळीकडच्या गादीतून जाते, आणि तुम्ही हँडल धरत नाही आहात, हँडलवर टेकून बसताय, म्हणून सगळा भार तिथे येतो. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर झाली असती तर म्हटलं असतं मनगट मुडपतंय, लिव्हरचा अँगल बघा. आणि रात्री झोपेतही मुंग्या येत असतील तर मात्र गाडीला दोष देऊ नका, आधी शुगर तपासा आणि डॉक्टरांना हात दाखवा, आपल्या वयात हे टाळायचं नाही.

आता ही गाडी अशी का बसवते. स्पोर्ट बाईकची बैठक वेगासाठी असते, ८०-९० ला समोरचा वारा छातीला थोडा टेकू देतो आणि मनगटं हलकी होतात, म्हणून गंमत बघा, मोकळ्या रस्त्यापेक्षा ट्रॅफिकमध्ये ३० च्या स्पीडला हात जास्त दुखतात. आपण काही कायम ९० ने जाणार नाही (जाऊही नये), मग वाऱ्याचं ते काम मांड्यांनी आणि पोटाने करायचं. टाकी गुडघ्यांनी धरा, टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड चिकटवून मिळतात ते लावा, आणि कोपर ताठ न ठेवता थोडं मोडलेलं ठेवा. चालत्या गाडीत अधूनमधून बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवून बघायची, हलत नसतील तर तुम्ही परत टेकलात. पन्हाळ्याच्या चढाला पंधरा दिवस एवढंच करा, पैसा शून्य. मांड्या भरून येतील सुरुवातीला, येऊ देत.

लिव्हरही बघा. गाडीवर बसून हात सरळ पुढे करा, मनगट न मुडपता बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत. शोरूममधून येतात तशी ती बऱ्याचदा आडवी असतात, क्लॅम्पचा बोल्ट सैल करून किंचित खाली फिरवायची.

लेथवाल्याकडे जाऊ नका. उद्यमनगरच्या कारागिरांच्या हाताला मी नावं ठेवत नाही, पंपाचे पार्ट ते डोळे झाकून करतील, पण तुमच्या गाडीचं हँडल क्लिप-ऑन, म्हणजे डावं-उजवं वेगळं, पुढच्या शॉकअपच्या म्हणजे फोर्कच्या पाइपला क्लॅम्पने आवळलेलं असतं आणि जोरात ब्रेक दाबला की तुमचे ८२ किलो त्याच क्लॅम्पवर येतात. दोन इंच उंच बूश आणि लांब बोल्ट म्हणजे तिथे पहार लावल्यासारखं होतं. शिवाय दोन इंचाला अॅक्सिलरेटरची केबल, क्लच केबल, ब्रेकचा पाइप, सगळंच अपुरं पडतं. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलं रायझर किट घ्या, २० ते २५ मिलिमीटर उचलणारं, बस. किट बसवल्यावर मेकॅनिकला पैसे द्यायच्या आधी एक करा : गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. आयडलिंगचा आवाज जरा जरी वाढला तर केबल ताणली जातेय, म्हणजे यू-टर्न घेताना गाडी आपणहून उडी मारणार. दोन्ही टोकांना अंगठा टाकीत चेंगरत नाही ना, लिव्हर फेअरिंगला (पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) घासत नाही ना, तेही तेव्हाच बघा. आणखी एक जुगाड चालतो, फोर्क पाइप वर सरकवून त्यावर हँडल चढवायचं, तो तर अजिबात नको, पुढची बाजू खाली बसते आणि गाडी हँडलला चंचल होते, आंबा घाटात उतरताना कळेल.

गुडघ्यांचा इलाज सीटमध्ये आहे पण इथेच मेख आहे. सीट वाढवली की फूटपेगपासूनचं (पाय ठेवायच्या दांड्यापासूनचं) अंतर वाढतं आणि गुडघा मोकळा होतो, पण तुम्ही हँडलवर अजून ओणवे होता आणि मनगटाचं दुखणं परत. वर तुमची सीट मुळातच ८१५ मिलिमीटर उंच, ५ फूट ६ ला अजून इंचभर चढवली तर सिग्नलला चवड्यावर उभे राहाल. म्हणून आधी हँडल, मग सीट, आणि उंची नाही, उतार बदला. सीट पुढे टाकीकडे उतरती असते, आपण घसरत जातो आणि घसरू नये म्हणून हातांनी रेटतो. सीटवाल्याला सांगा पुढच्या बाजूला फोम भरून बैठक सपाट कर, खाली कडक फोम आणि वर बोटभर मऊ. तो हमखास म्हणणार साहेब सगळं सॉफ्ट करतो, मस्त वाटेल. मस्त वाटतं पंधरा मिनिटं, मग मऊ फोम दबून तुम्ही सीटच्या पत्र्यासारख्या तळावर बसता. शिलाई बैठकीवर नको, कडेला घ्या, नाहीतर पावसाळ्यात फोम पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशी पँट सांगते. रिअरसेट नावाचा महागडा फूटपेगचा सेट कोणी गळ्यात मारेल, तो बहुतेक पाय वर आणि मागे नेतो, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमका उलट.

मानेचं माझंच सांगतो. मी ६१ वर्षांचा, वर्षभर मान धरायची, हेल्मेट बदललं, व्यायाम केले, काही नाही. मग एकदा लक्षात आलं की ओणवं बसलं की नजर चष्म्याच्या वरच्या कडेवर जाते, फ्रेम आड येते आणि रस्ता काचेतून दिसावा म्हणून मी मान आणखी उचलतो. गाडीसाठी वेगळा, फक्त लांबच्या नंबरचा, मोठ्या काचेचा चष्मा केला आणि दुखणं अर्ध्यावर आलं. तुमचा चष्मा लिहिला नाहीत, पण ५८ ला असणारच.

यामाहाच्याच एमटी-१५ चं पाइप हँडल (एकसंध, उंच) आर१५ ला बसवणारे लोक आहेत, इंजिन एकच आहे म्हणून. त्यासाठी फेअरिंग कापावं लागतं, आणि मोठा बदल आरसीतल्या माहितीशी जुळेना झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, अपघातात विमावालाही विचारणार. पाइप हँडलच हवं असेल तर सरळ एमटी-१५ घ्या. पण तुमचं काम त्याआधीच होईल असं मला वाटतं.

प्रश्न : होंडा सीबीआर २५०आर, २०११ ची, पहिल्यापासून माझीच. बैठक चांगली आहे पण आता क्लच दाबून डावा अंगठा आणि मनगट दुखतं. वय ५४.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : केबल कधी बदललीत? आठवत नसेल तर तीच बदला, ओरिजिनल घ्या, आणि बसवताना आधीच्याच वाटेने न्या, कुठे तीव्र वळण आलं की नवी केबलही जड चालते. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई ठेवा. लिव्हरचा पिव्होट बोल्ट काढून पुसून ग्रीस लावा, तिथे वर्षानुवर्षांची माती असते आणि सगळे केबललाच शिव्या देतात. एवढं करूनही जड असेल तर क्लच उघडायला लावा. आणि सिग्नलला न्यूट्रल करत जा हो, क्लच दाबून नव्वद सेकंद कशाला उभं राहायचं.