जुन्या मोटरसायकलखालचा ऑइलचा डाग

प्रश्न: माझी मोटरसायकल 18 वर्षांची, एका सिलिंडरची, फोर-स्ट्रोक आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची आहे. दोन महिने ती बंद उभी होती. पुन्हा वापरात घेताना मी घरीच इंजिन ऑइल बदलले. पहिले दोन-तीन दिवस काही जाणवले नाही, पण नंतर एकदा सुमारे 40 किलोमीटर चालवून आणून साइड स्टँडवर लावली, तेव्हा सकाळी इंजिनाखाली डाव्या बाजूला तळहाताएवढा ऑइलचा डाग दिसला. यापूर्वी कधी एक थेंबही पडला नव्हता. इंजिनाचा आवाज आणि ओढ नेहमीसारखीच आहे, धूरही येत नाही. ओळखीच्या मेकॅनिकने वाकून पाहिले आणि इंजिन खोलावे लागेल असे सांगितले. काम खरोखर एवढे मोठे आहे का, की त्याआधी घरच्या घरी काही तपासता येईल?

उत्तर: इंजिन खोलण्याचा निर्णय इतक्यात घेऊ नका. तुमच्या पत्रात सर्वांत मोलाची माहिती डागाविषयीची नसून त्याआधीच्या आठवड्याविषयीची आहे. गाडी दोन महिने उभी होती आणि ऑइल नुकतेच बदललेले आहे. अठरा वर्षे कोरडे राहिलेले इंजिन एका रात्रीत गळू लागते तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी नुकतेच बदललेले असते, आणि तपास तिथूनच सुरू करावा लागतो.

तपास पूर्ण होईपर्यंत मात्र गाडी रस्त्यावर काढू नका. आधी डिपस्टिकने किंवा इंजिनावरच्या काचेतून ऑइलची पातळी पाहा. गाडी सपाट जागी सरळ उभी असावी आणि डिपस्टिक आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे, कारण या एका फरकाने माप चुकते. मग मागच्या टायरवर आणि ब्रेकवर ऑइलचे शिंतोडे नाहीत ना, ते बोट फिरवून पाहा. इंजिनातले ऑइल कमी होणे हे हळूहळू होणारे नुकसान आहे, पण टायरवर आलेले ऑइल पहिल्याच वळणावर गाडी पाडू शकते.

गळती किती गंभीर आहे याचा अंदाज डागाच्या आकारावरून बांधू नये, कारण एक-दोन चमचे ऑइलही फरशीवर पसरले की भयंकर दिसते. त्याऐवजी थेंब मोजावेत. ढोबळमानाने 20 थेंबांचे 1 मिलिलिटर धरले, तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे 70 मिलिलिटर होतात. ज्या इंजिनात एकूण लिटरभरच ऑइल मावते, त्यातले जवळजवळ निम्मे या गतीने आठवड्यात निघून जाईल. रात्रभरात चार-पाच थेंब पडत असतील, तर तुमच्याकडे शांतपणे शोध घेण्याइतका वेळ आहे.

आता डाव्या बाजूविषयी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, त्यामुळे उजवीकडून किंवा वरून झिरपलेले ऑइलही इंजिनाच्या तळाला चिकटत डावीकडे येऊन टपकते. शिवाय चालत्या गाडीत वारा ऑइलला मागे ढकलतो. म्हणजे थेंब जिथे पडतो ती प्रवासाची शेवटची जागा असते, उगमाची नव्हे. तुमच्या मेकॅनिकने वाकून जे पाहिले ते हे शेवटचे टोक होते. उगम शोधताना ओलीच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या टोकाकडे पाहावे.

डाग इंजिन ऑइलचाच आहे याची खात्री आधी करून घ्या. पांढऱ्या कागदावर एक थेंब टिपून पाहिला की नुकतेच बदललेले ऑइल मधासारख्या रंगाचे दिसते. चेनला लावलेले वंगण काळे, चिकट आणि दाणेदार असते. लांब फेरीनंतर ते पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, कव्हरमध्ये साचून गरम झाल्यावर खाली ओघळते, आणि त्यालाच गळती समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण तेच खरे काम आहे. इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश आणि रॉकेलने किंवा डीग्रीझरने ते खालपासून वरपर्यंत स्वच्छ करावे. ब्रेकवर काहीही उडू देऊ नये. दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नये, कारण पाणी सीलच्या आत आणि वायरींच्या जोडांत शिरते. पुढच्या स्प्रॉकेटवरचे कव्हर काढून तिथला वर्षानुवर्षांचा चिखल खरवडून काढावा. सर्व भाग कोरडे झाले आणि रॉकेलचा वास पूर्ण गेला, की जोडांवर आणि संशयित जागांवर अंगाला लावायची पांढरी पावडर हलक्या हाताने भुरभुरावी. पावडरीवर ऑइलची पहिली रेघ जिथे उमटते तिथे गळती असते. ही रेघ केसाएवढी बारीक असते, म्हणून टॉर्च तिरकी धरून पाहावे.

पावडर लावल्यावर गाडी मेन स्टँडवर, खाली कागद पसरून रात्रभर तशीच ठेवावी. इंजिन बंद असतानाही ओल दिसली, तर गळतीची जागा ऑइलच्या पातळीच्या खाली आहे, म्हणजे ड्रेन बोल्ट, खालचे पॅकिंग किंवा एखादे खालचे सील. सकाळी काहीच दिसले नाही तर मोकळ्या हवेत इंजिन पाच मिनिटे चालवून पुन्हा पाहावे. तरीही कोरडे असेल, टायर स्वच्छ असेल आणि पातळी योग्य असेल, तर दहा मिनिटांची संथ फेरी मारून लगेच तपासावे. केवळ चालल्यावर दिसणारी ओल बहुधा वरच्या भागातून किंवा दाबामुळे आलेली असते.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय ऑइल बदलण्याच्या कामावर आहे. ड्रेन बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर घट्ट करताना किंचित चेपून जागा बंद करतो. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा वापरला की तो दोन-तीन दिवस धरतो आणि इंजिन काही वेळा तापून थंड झाले की पाझरू लागतो. नेमका तुमच्यासारखाच क्रम. बोल्ट जास्त आवळला म्हणून हे थांबत नाही, उलट ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि छोटे काम मोठे होते. तुमच्या इंजिनाला ऑइल फिल्टर असून तोही बदलला असेल, तर त्याचे कव्हर उघडून पाहा. जुनी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे गोल रबरी कडे, खाचेत काळी, चपटी होऊन अशी चिकटलेली असते की ती धातूचाच भाग वाटते, आणि तिच्यावर नवी रिंग बसवली जाते. दोन रिंगा एकमेकींवर नीट बसत नाहीत. लांब फेरीत ऑइलच्या दाबाने वरची एका बाजूने सरकते किंवा चिमटून कापली जाते. नखाने खाच खरवडून पाहिल्याशिवाय ती रिकामी आहे असे मानू नये.

तिसरी शक्यता ऑइल जास्त भरल्याची आहे. जुने ऑइल पूर्ण निथळले नसेल आणि डब्यातले मोजून नव्हे तर अख्खे ओतले असेल, तर जादा ऑइल ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्यात जाते आणि तिथून खाली टपकते. या ब्रीदर पाइपकडे फार कमी जण लक्ष देतात. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा दाबली जाते, शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा वायू सतत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरत असतो. हा दाब बाहेर पडण्याची वाट म्हणजे ब्रीदर. तो मुडपला, चिखलाने किंवा उभ्या गाडीत किड्यांनी घर केल्याने बंद झाला, की दाब सर्वांत कमकुवत सील शोधतो आणि तिथून ऑइल बाहेर ढकलतो. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधल्या पॅकिंगवर, मी एकदा असाच आळ घेतला होता. हेड उतरवून नवे गॅस्केट बसवले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओल दिसली. पेट्रोलची टाकी परत बसवताना मीच ब्रीदर पाइप तिच्याखाली चिमटवला होता! म्हणून तो पाइप एअर फिल्टरच्या बाजूने काढून आरपार मोकळा आहे ना ते पाहा. इंजिन चालू असताना त्यातून हलके हलके फुंकर येणे स्वाभाविक आहे; सतत धूर येत असेल तर मात्र रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा.

वरील सर्व ठीक निघाले, तर पुढच्या स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलकडे या. सीलचे रबरी ओठ एका बारीक गोल स्प्रिंगने शाफ्टवर दाबलेले असतात. जुने रबर उभ्या गाडीत कडक होते, आणि गाडी पुन्हा धावू लागली की शाफ्टला लवचीकपणे धरू शकत नाही. हे सील बदलण्यापूर्वी स्प्रॉकेट हाताने वर-खाली हलवून पाहा. तिथे खेळ जाणवला तर आतले बेअरिंग झिजलेले आहे आणि नवे सीलही लवकरच गळेल. चेन फार ताणलेली ठेवल्याने हेच बेअरिंग आणि हेच सील खराब होते, त्यामुळे चेनची ढील पुस्तिकेत दिली आहे तेवढी ठेवलेली आहे ना तेही तपासा. अनेक इंजिनांत हे सील बाहेरून बदलता येते. जुने काढताना शाफ्टवर ओरखडा पडता कामा नये, आणि नव्याच्या ओठांना बसवण्यापूर्वी ग्रीस लावावे. शाफ्टवर जुन्या ओठांनी खाच पाडली असेल, तर जागा असल्यास नवे सील किंचित कमी खोल बसवतात, म्हणजे ओठ गुळगुळीत भागावर टेकतात. त्याच भागात न्यूट्रलचा स्विच असतो, त्याची लहानशी ओ-रिंगही गळू शकते. डाव्या मॅग्नेट कव्हरमधून वायरी बाहेर येतात तिथले रबर कडक झाले की ऑइल वायरींच्या आवरणातून प्रवास करून भलत्याच ठिकाणी टपकते.

टॅपेट कव्हर, कॅम चेनचा टेन्शनर, गिअर शाफ्टचे सील या जागा पावडर आपोआप दाखवून देईल. इंजिन खोलणे अटळ ठरते ते रेघ चेंबरच्या दोन अर्ध्या भागांमधल्या सांध्यातून येत असेल किंवा चेंबरला तडा असेल तेव्हा. सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटसाठीही हेड आणि बोर उतरवावे लागतात. अशी रेघ दिसली तर तुमचे मेकॅनिक बरोबर ठरतील. ती त्यांनाही दाखवा आणि मगच काम सांगा.

प्रश्न: आठवडाभर उभ्या असलेल्या माझ्या जुन्या गाडीच्या ब्रीदर पाइपमधून पातळ ऑइल गळत आहे. आश्चर्य म्हणजे डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर दिसते. मी ऑइल घातलेले नाही.

उत्तर: डिपस्टिक नाकाशी धरा, पेट्रोलचा वास येईल असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल, म्हणजे पेट्रोलचा प्रवाह रोखणारी सुई, कचरा अडकून किंवा झिजून बंद होत नसेल आणि पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असेल, तर पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरते आणि रिंगांवरून झिरपत ऑइलमध्ये मिसळते. गाडी सुरू करू नका, किकही मारू नका. पेट्रोलमिश्रित ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही, आणि सिलिंडरमध्ये द्रव साचलेला असेल तर तो दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. कॉक बंद करा, मोकळ्या हवेत, कोणतीही ज्योत किंवा ठिणगी जवळ नसताना सगळे ऑइल काढून टाका, नीडल आणि तिची बैठक दुरुस्त करून घ्या, आणि त्यानंतरच नवे ऑइल भरा. सील बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही. कॉक बंद करूनही पेट्रोल थेंबथेंब येत असेल तर कॉकही बदलावा लागेल.

प्रश्न: ऑइलमध्ये मिसळल्यावर गळती थांबवणारे द्रव्य मिळते. जुन्या मोटरसायकलसाठी ते वापरावे का?

उत्तर: मी वापरत नाही. अशी द्रव्ये सामान्यतः कडक झालेल्या रबराला थोडे फुगवतात. कापलेली ओ-रिंग, गेलेले आटे, चेपलेला वॉशर किंवा बंद ब्रीदर यांवर त्यांचा काही उपयोग नाही. दुसरी अडचण अशी, की बहुतेक मोटरसायकलींमध्ये क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि त्यासाठीच जासो या जपानी मानकातल्या एमए दर्जाचे ऑइल वापरले जाते. मोटारीच्या इंजिनासाठी बनवलेले मिश्रण त्यात घातले तर क्लच घसरू लागण्याचा धोका असतो. जोडांवर बाहेरून सिलिकॉनचा थर देणेही टाळावे: तेलकट धातूवर तो धरत नाही, आणि कव्हर बसवताना तो जास्त लावला तर आत सुटलेले तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतात.