भावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको

जॅक गाडी उचलायला. खाली शिरायचं तर जॅक स्टँडच पाहिजे, म्हणजे उचललेली गाडी टेकवायची लोखंडी घोडी. सुरुवातीला ३ टनांची, लॉकपिनवाली (उंची पक्की धरणारी खीळ असलेली) जोडी घे. हॅचबॅक असतीय हजारएक किलोची, भरपूर झालं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात वेल्डिंग लगेच होतंय म्हणून स्टँडचे पाय वाढवून घेऊ नकोस. मी घेतले होते. गाडी टेकवली नि टाका करकरला. तसेच भंगारात घातले. बदल एकच कर: स्टँडच्या डोक्यावर खाच पाडलेला रबरी ठोकळा, म्हणजे दाराखालची पत्र्याची कड दबत नाही.

नवी पोरं इथं चुकतात:
- अंगणातल्या मातीवर थेट स्टँड. पावसाळ्यात पाय रुततात, खाली जाड प्लायवूड घाल.
- जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढं-मागं दगड न लावणं.

आणि आत जायच्या आधी गाडी हातानं हलवून बघ. डुलली तर परत उतरव.