नंबर पुसलेली चिप हाती आली तर

भाऊ, ती कोणती हे शोधायचं असेल तर लगेच करंट देऊ नको. चौदा पायांच्या जुन्या टीटीएल (5 व्होल्टवर 0-1 चं गणित करणाऱ्या) चिपमध्ये बहुतेकदा 7 वर ग्राउंड, 14 वर 5 व्होल्ट. पण 7490 या मोजणीच्या चिपमध्ये तेच 10 आणि 5 वर! मी भरवशावर एक भाजली, बोटाला फोड आला तो वेगळाच. आधी मल्टिमीटर डायोड तपासायच्या खुणेवर ठेवून पाय तपास, आकडे वहीत लिही. मग इनपुट 330 ओहमच्या रेझिस्टरमधून दे. 1 किलोओहम लावलास तर टीटीएलला धड शून्यच मिळत नाही. मोकळा इनपुट पाय 1 धरला जातो, तिथंच नवखा फसतो. त्याच इनपुटला वेगळं आउटपुट आलं तर आत फ्लिपफ्लॉप, म्हणजे आधीची स्थिती लक्षात ठेवणारा भाग, असणार. मग इनपुट दिल्याचा क्रमही लिही. आपल्याकडे लाईनचा काय भरवसा? फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी आणि तिचे 5 व्होल्ट करणारी 7805 लाव.