पुण्यात पहिलं घर घेतलंस, आता आधी हे कर

अभिनंदन रे! रंग-पडदे नंतर बघ, आधी मिळकत कराचं बिल काढ. त्यात तुझं नाव आहे का आणि स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत लागलीय का, ते पाहा. सवलत लागली नसेल तर त्यासाठीचा महापालिकेचा पीटी-३ अर्ज भर. सोबत सोसायटीचं पत्र, पत्त्याचा पुरावा आणि पुण्यात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत. ही सवलत आपोआप मिळत नाही. मला बिल्डरचा माणूस म्हणाला होता, "होऊन जातं सगळं." काही झालं नाही, दोन वर्षं जास्तीचे भरत बसलो. अर्जाची पोच मात्र जपून ठेव, शिक्क्यासकट.

बिल मुदतीत भरलं की सर्वसाधारण करात सूट मिळते. थकवलंस तर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे क्रेडिट कार्डाचाच भाऊ. सोसायटीत सोलर, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय असेल तर त्याचीही सूट असते. पण ती यंत्रणा चालू हवी. आमच्याकडच्या खड्ड्यात नुसत्या कुंड्या पडल्या होत्या.

विजेचं म्हणशील तर पंख्यांपासून सुरुवात कर. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा तिशीच्या आसपास. रोज १२ तास धरलेस तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. एसी २४ वर ठेव, बायको-पोरांशी भांडण झालं तरी. आणि वीजबिल ईमेलवर घे, कागद नको म्हटलं की महावितरण बिलामागे १० रुपये कमी करतं. चहाचे सुटले!