जुन्या तारखेचं हेवी लायसन्स परवडत नाही

प्रश्न : वय ३४, दहावी पास. परभणी जिल्ह्यात आडत दुकानाची पिकअप चालवतो, पगार १६,०००. घरी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. एसटीत चालक व्हायचं आहे, म्हणजे नोकरी पक्की आणि म्हातारपणी पेन्शन. पण भरतीत हेवीचा तीन वर्षांचा अनुभव आणि ३८ च्या आत वय मागतात. माझ्याकडे २०१४ चं हलक्या वाहनाचं लायसन्स आहे. ड्रायव्हिंग स्कूल हेवीचे १५,००० सांगतं, पण त्यात अनुभव मिळत नाही. एक एजंट परराज्यातलं, २०२१ च्या तारखेचं हेवी लायसन्स ४५,००० ला करून देतो. ५,००० बयाणा, आधारची झेरॉक्स आणि फोटो दिलेत. उरलेल्या ४०,००० साठी ७०,००० ची एफडी मोडू की पत्नीचं सोनं गहाण टाकू? मुलीच्या पॉलिसीचे वर्षाला ३०,००० जातात, चार हप्ते भरलेत.

उत्तर : एफडी मोडू नका आणि सोन्यालाही हात लावू नका. ४०,००० उभे कसे करायचे हा प्रश्नच नाही, ते द्यायचेच नाहीत.

एजंट तुम्हाला लायसन्स विकत नाही, तीन खोटी वर्षं विकतोय. कायद्याने एका माणसाला एकच लायसन्स बाळगता येतं. २०१४ पासूनची तुमची नोंद आरटीओच्या ‘सारथी’ या संगणक प्रणालीत आहे. २०२१ मध्ये तुम्ही दुसऱ्या राज्यात राहून हेवी काढलंत, हे पटवायला तिथला पत्ता, तिथलं मेडिकल आणि ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना पाच (शिकल्याचा दाखला), सगळंच बनावट करावं लागेल. भरतीत लायसन्स पडताळणीसाठी मूळ आरटीओकडे जातं. तिथे नोंद सापडली नाही, किंवा मागाहून घुसवलेली निघाली, तर निवड रद्द आणि वर बनावट कागदपत्रांचा गुन्हा.

ही त्यातल्या त्यात स्वस्त शक्यता. पकडले न जाता स्टिअरिंगवर बसलात, तर खरा खर्च अपघातानंतर सुरू होतो. लायसन्स खोटं निघालं की विमा कंपनी हात वर करते. न्यायाधिकरण बहुतेक वेळा तिला आधी पीडितांना पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. मालक तुम्हाला सोडेल? कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई सहज २०-३० लाखांत जाते. १६,००० पगारात ती फेडायला जन्म पुरणार नाही.

शिवाय पिकअपचा हात बसला चालत नाही. बसला एअर ब्रेक असतात. घाट उतरताना खालचा गिअर न टाकता पाय ब्रेकवरच ठेवला की लायनर तापतात, ब्रेक धरत नाहीत, आणि सारखा पंप केला तर टाकीतली हवा उतरते. हे लायसन्सवर जुनी तारीख छापून येत नाही.

आता सरळ रस्ता. पैसे भरण्याआधी डोळे तपासून घ्या, रंगांधळेपणासकट, आणि उंची मोजा. एसटीच्या आधीच्या जाहिरातींत किमान १६० सेंटिमीटर मागितली होती. इथे अडणार असेल तर पुढचे १५,००० वाचले. हलक्या वाहनाच्या लायसन्सला वर्ष झालेलं लागतं, ते तुमचं केव्हाच झालं. डॉक्टरांचा नमुना १-अ (तब्येतीचा दाखला) घेऊन हेवीचं लर्निंग काढा. ते सहा महिने चालतं, पण पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. स्कूलकडून नमुना पाच घ्या, आणि चाचणीची गाडी पॅकेजमध्ये आहे का हे आधीच विचारा. ऐन वेळी गाडीचं वेगळं भाडं मागतात. सरकारी फी दीड हजारांच्या आसपास, बाकी सगळं स्कूलचं. नंतर पोलिस पडताळणी करून प्रवासी वाहनाचा बॅज (बिल्ला) काढा, त्याशिवाय बस हातात मिळत नाही. हे लायसन्स पाच वर्षं चालतं, नूतनीकरणाला पुन्हा मेडिकल.

यासाठी एफडीतून १५,००० काढा. मुदतीआधी मोडल्याचा दंड फार होत नाही. सोनेतारणाचं व्याज त्याहून जास्त.

अनुभव हेवीची नोंद झाल्या तारखेपासून धरला जातो. म्हणजे तुम्ही ३७ ला पोचता आणि ३८ ची अट जेमतेम गाठता (आरक्षित प्रवर्गात असाल तर सवलत बघा). पण जाहिरात दरवर्षी येत नाही, तिच्या भरवशावर पिकअप सोडू नका. हेवी हातात आलं की टँकर, ट्रक किंवा चाकण-रांजणगावकडच्या कंपन्यांच्या कामगार-बस बघा. पगार खात्यातच घ्या, पीएफ नंबर मागा. रोखीने पगार घेणाऱ्याचा अनुभव दाखला म्हणजे मालकाच्या सहीचा कागद, त्याला मागे पुरावा नसतो.

पेन्शनचंही ऐका. एसटी हे महामंडळ आहे, तिथली पेन्शन ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची. हिशेब १५,००० च्या पगारमर्यादेवर : ३७ ला लागलात, ५८ ला निवृत्त झालात, तर २१ वर्षं आणि दोन बोनस वर्षं, १५,००० गुणिले २३ भागिले ७०, म्हणजे महिना पाच हजारांच्या आत. नव्या माणसाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असेल तर त्याला ईपीएसमध्ये घेतही नाहीत. आणि २०२५ च्या सप्टेंबरात जाहीर झालेली १७,४५० चालक-सहायकांची भरती कंत्राटी, पगार साधारण ३०,०००. मिळाली तर जरूर घ्या, तुमच्या आजच्या पगाराच्या जवळपास दुप्पट आहे. पण तिला पक्की नोकरी समजून घर बांधायला काढू नका.

राहिली पॉलिसी. शेवटी किती मिळणार ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा वीस वर्षांच्या पॉलिसीत ६ लाख भरून १० लाखांच्या आसपास मिळतात, म्हणजे पाच टक्केही नाहीत. विमाही थोडाच. मुलीचा हसरा फोटो छापलेलं पत्रक दाखवून ड्रायव्हरच्या गळ्यात हे मारणाऱ्याला इतकंही कळू नये की या घराला आधी वडिलांचा विमा हवा? ५० लाखांचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. अर्जात धंदा ‘जड वाहनचालक’ असाच लिहा, हप्ता थोडा वाढला तरी. तो मंजूर होऊन हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर तशीच ठेवा. तोवर बँकेत ४३६ आणि २० रुपयांच्या दोन सरकारी विमा योजना सुरू करा, दोन्ही मिळून अपघाती मृत्यूला ४ लाख. वाचलेल्या हप्त्यातून मुलीचं सुकन्या खातं उघडा, तिथे २०२४ पासून ८.२ टक्के व्याज आहे.

बयाण्याचे ५,००० परत मागून बघा, मिळतील असं धरू नका. आधारची झेरॉक्स आणि फोटो मात्र परत घ्या, एखाद्या फॉर्मवर सही केली असेल तर तो फॉर्मही. मग परिवहनच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने नवा अर्ज पडलाय का ते तपासा. पडला असेल तर आरटीओत लेखी कळवून पोच घ्या, स्कूलमध्ये नाव घालण्याच्या आधी.