एका ओळीचे चार रकाने

प्रश्न : वाचनालयाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून सभासदांची टेक्स्ट फाइल मिळाली. प्रत्येक ओळ 'सभासद क्रमांक|नाव|पत्ता|जन्मतारीख' अशी आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये घेताना 'एक्स्ट्रा डेटा आफ्टर लास्ट एक्स्पेक्टेड कॉलम' (शेवटच्या रकान्यानंतर जादा मजकूर) ही एरर येते आणि एकही सभासद टेबलात जात नाही. काय करावे?

उत्तर : एररमधला ओळक्रमांक बघा. त्या ओळीत, बहुधा पत्त्यातच, जादा उभी रेघ (|) सापडेल. फाइल टेबलात भरणारी कॉपी कमांड एका ओळीवर अडली की अख्खी फाइल नाकारते. म्हणून मुख्य टेबलात थेट भरूच नका.

आधी कच्चे टेबल करा : एक सिरियल क्रमांक आणि 'ओळ' नावाचा टेक्स्ट रकाना. कॉपी करताना फॉरमॅट सीएसव्ही ठेवा, पण डिलिमिटर (रकाने वेगळे करणारे चिन्ह) आणि कोट (अवतरणचिन्ह) म्हणून फाइलमध्ये न येणारी कंट्रोल कॅरेक्टर्स (आस्की 1 आणि 2) द्या. अख्खी ओळ जशीच्या तशी आत येते. साधा टेक्स्ट फॉरमॅट बॅकस्लॅश गिळतो, तो इथे नको.

आता तोडायची घाई नको, आधी रेघा मोजा. ओळीच्या लेंग्थमधून, रिप्लेसने रेघा काढलेल्या ओळीची लेंग्थ वजा करा आणि त्या आकड्यावर ग्रुप बाय लावा. 3 आलेल्या ओळी धडधाकट. ही पायरी गाळली तर ओळीतला हवा तो तुकडा देणारे स्प्लिट_पार्ट हे फंक्शन फसवते : तुकडा नसला तरी ते एरर देत नाही, रिकामी स्ट्रिंग देते, आणि नाव गाळलेल्या ओळीत पत्ता गुपचूप नावाच्या रकान्यात जाऊन बसतो.

4 रेघांच्या ओळीत घोळ पत्त्यातच असेल, तर तारीख उजवीकडून घ्या. पोस्टग्रेसच्या आवृत्ती 14 पासून स्प्लिट_पार्टला -1 (म्हणजे शेवटचा तुकडा) चालते. 2 रेघांच्या ओळी मात्र डोळ्यांनीच तपासा.

तुकड्यांना ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढायला) आणि नलइफ (रिकाम्या स्ट्रिंगचे नल करायला) लावा. सभासद क्रमांक टेक्स्टच ठेवा, नाहीतर '00417'चे 417 होईल. तारखेला टू_डेट वापरून 'डीडी-एमएम-वायवायवायवाय' असे स्पष्ट सांगा. डेटस्टाइल ही सेटिंग एमडीवाय (आधी महिना, मग दिवस) असेल आणि नुसते कास्ट केले, म्हणजे टेक्स्टची थेट तारीख केली, तर 05-06-1988 ही 6 मे होते. 25 तारखेला निदान एरर तरी येते!

प्रश्न : हेच मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये?

उत्तर : सबस्ट्रिंग_इंडेक्स हे फंक्शन एकात एक असे दोनदा वापरा : आतल्याला 2, बाहेरच्याला -1 दिले की दुसरा तुकडा मिळतो. रेघा कमी असल्या तर हे फंक्शन रिकामे न देता शेवटचाच तुकडा पुन्हा देते, म्हणून मोजणी इथेही हवीच. फाइल विंडोजची असेल तर लोड डेटा या फाइल भरणाऱ्या कमांडमध्ये ओळीचा शेवट '\आर\एन' असा (अर्थात रोमन अक्षरांत) लिहा. नाहीतर कॅरेज रिटर्न हे ओळीच्या शेवटचे न दिसणारे अक्षर तारखेला चिकटून राहते.