मायक्रोवेव्हमधला फ्रिटाटा : कडा चिवट, मध्य कच्चा

प्रश्न : चार अंडी, दूध आणि भाज्या घालून मायक्रोवेव्हमध्ये फ्रिटाटा, म्हणजे इटालियन पद्धतीचं जाड ऑम्लेट, करते. पाच मिनिटं फुल पॉवरवर ठेवला की कडेला चिवट होतो आणि मध्ये पातळ राहतो. आणखी दोन मिनिटं दिली तर सगळाच चिवट. काय चुकतं? – नाशिक

उत्तर : वेळ वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, पॉवर कमी करावी लागेल. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थात साधारण दोन-अडीच सेंटिमीटरच शिरतात आणि कडेला त्या वरून आणि बाजूनेही पोचतात. मधल्या भागाला उष्णता मिळते ती बरीचशी कडेकडून, हळूहळू सरकत. अंड्याचा पांढरा भाग 62 अंशांच्या आसपास आणि पिवळा 65 ते 70 अंशांना धरतो. फुल पॉवरवर मध्य तिथवर जाईतो कडा उकळायला लागलेली असते.

चार अंड्यांना 60 मिली, म्हणजे चार मोठे चमचे दूध, पाव चमचा मीठ, मिरपूड आणि शिजवून निथळलेली एक वाटी भाजी पुरे. अंडी फेस येईपर्यंत घुसळू नका. पांढरे तंतू दिसेनासे झाले की थांबा. पिवळा बलक अख्खा मात्र राहू देऊ नका, तो आत वाफ कोंडून फुटतो. भांडं काचेचं, गोल, सपाट तळाचं, 18 ते 20 सेंटिमीटर व्यासाचं घ्या आणि त्याला आतून तूप किंवा तेल लावा. चौकोनी भांड्याचे कोपरे हमखास करपतात. उभट बाउलमध्ये मिश्रणाचा थर जाड होतो आणि मग मध्य शिजायचं नावच घेत नाही. थर दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

ओव्हन 800 वॅटचा असेल तर पॉवर 60 टक्के ठेवा. दोन मिनिटं झाल्यावर बाहेर काढा, कडेचा धरलेला भाग चमच्याने मध्ये ओढा आणि मधलं पातळ मिश्रण कडेला जाऊ द्या. ही पायरी टाळून चालत नाही. मग वर 30 ग्रॅम किसलेलं चीज पसरून अडीच-तीन मिनिटं. बाहेर काढताना मध्य सेट होत आलेल्या खरवसासारखा थोडा हलायला हवा, पण पातळ दिसता कामा नये. ताट झाकून तीन मिनिटं तसाच ठेवा. उरलेलं शिजणं आतल्या उष्णतेवर होतं. मग मध्ये सुरी घाला. ओलं अंडं लागलं तर 20-20 सेकंदच वाढवा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 71 अंश दिसले पाहिजेत. फ्रीजमधली गार अंडी असतील तर अर्धा-एक मिनिट जास्त धरा.

आपला ओव्हन किती वॅटचा, हे बघताना मागच्या पट्टीवरचा मोठा आकडा घेऊ नका. तो ओढलेल्या विजेचा असतो. आउटपुटचा आकडा बघा. पट्टी पुसली गेली असेल तर कपात 200 मिली साधं पाणी ठेवा. दीड मिनिटात उकळी आली तर सुमारे 800 वॅट, दोन मिनिटं लागली तर 600च्या आसपास. 600चा असेल तर पॉवर 80 टक्के करा, वेळा त्याच.

प्रश्न : तळाशी पाणी सुटतं. दूध कमी करू का? – बेळगाव

उत्तर : दुधाला हात लावण्याआधी तुकडा कापून बघा. कापलेल्या बाजूला बारीक छिद्रं असतील आणि पाणी फिकट, जवळजवळ पारदर्शक असेल, तर अंडं जास्त शिजलं आहे. प्रथिनं आवळली जाऊन त्यांनी धरलेलं पाणी बाहेर आलं आहे. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर ते पालकाचं नाहीतर मशरूमचं.

भाजी आधी वेगळी शिजवा, न झाकता. चिरलेला एक कांदा आणि अर्धी सिमला मिरची चमचाभर तेलात फुल पॉवरवर तीन मिनिटं. त्यात पाच-सहा मशरूमच्या चकत्या घालून आणखी दोन मिनिटं, मग चाळणीवर. पालक वेगळा, एक मिनिट, आणि गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळा. मूठभर पालकातून निघणारं पाणी बघितलंत की तक्रार कुठून आली ते कळेल. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका. फ्रोजन मटार वितळवून, कोरडे करून घाला. बटाटा उकडलेलाच हवा. एवढ्या वेळात कच्चा बटाटा शिजत नाही.

प्रश्न : वरून लाल होत नाही. – ठाणे

उत्तर : नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये होणारही नाही. ओलसर पृष्ठभाग 100 अंशांच्या पुढे फारसा जात नाही आणि लाल व्हायला बरंच जास्त तापमान लागतं. ग्रिल असेल तर उंच स्टँडवर चार-पाच मिनिटं, पण भांडं ग्रिलला चालणारं हवं. ग्रिल नसेल तर तापलेल्या तव्यावर चमचाभर तेल सोडा, फ्रिटाटा उलटा घाला आणि मिनिटभर ठेवा. चव पुष्कळ सुधारते. फुगून आलेला फ्रिटाटा नंतर बसतो, ते वाफेमुळे. त्यात बिघडलेलं काही नाही.

प्रश्न : अंड्याऐवजी बेसन चालेल का? – पुणे

उत्तर : चालेल, पण त्याला फ्रिटाटा म्हणू नका. इटलीतच जेनोआकडे हरभऱ्याच्या पिठाची, बिनअंड्याची फारिनाता होते. ती मात्र कडक तापलेल्या भट्टीत, पातळ थराची. मायक्रोवेव्हमध्ये आपला भाजी घातलेला ढोकळाच होईल. वाटीभर बेसन, वाटीभर पाणी, दोन चमचे दही, चमचाभर तेल आणि मीठ एकत्र करून 20 मिनिटं भिजू द्या. मग वरच्यासारखीच निथळलेली भाजी आणि अर्धा चमचा फ्रूट सॉल्ट घालून लगेच फुल पॉवरवर चार मिनिटं. इथे पॉवर कमी करू नका, सोडा उतरतो आणि मधला भाग दडदडीत राहतो.